पुण्याची नोकरी सोडून सोलापुरात सल्लागारी: जमेल का?

तुमचा प्रश्न थोडक्यात असा: वय पस्तिशीच्या आसपास, हिंजवडीत दहा-बारा वर्षं सॉफ्टवेअरची नोकरी, आई-वडील सोलापुरात, आणि आता इकडे येऊन कारखान्यांना, संस्थांना तंत्रज्ञानाचा सल्ला देण्याचं काम सुरू करावं असं मनात आहे. शंका तीन. इथे असं काम मिळतं का, एआय आल्यावर ते टिकेल का, आणि पुण्याची सवय झालेल्या माणसाला इथे राहणं जमेल का.

मी हेच काम सोलापुरात बरीच वर्षं करतोय, म्हणून जरा ऐसपैस लिहितो. आधी उत्तर सांगून टाकतो. काम आहे, तुम्हाला वाटतं त्याहून जास्त आहे, फक्त तुम्हाला जे येतं ते काम ते नाही. पैसे मिळतात, पण उशिरा. एआयची भीती तुम्ही भलत्याच जागी धरून बसलाय. आणि राहण्याचं म्हणाल तर पाणी आणि ऊन सोडून बाकी सगळं निभतं.

मी सुरुवात केली तेव्हा डॉस होतं, फॉक्सप्रो होतं, आणि डॉट मॅट्रिक्स प्रिंटर करकरायला लागला की कामगार दाराशी येऊन बघत उभे राहायचे. कॉम्प्युटरला थंड हवा लागते अशी तेव्हा पक्की समजूत होती, त्यामुळे कित्येक कारखान्यांत पहिला एसी बसला तो कॉम्प्युटरसाठी, मालकासाठी नव्हे. मग १९९९ ची वायटूकेची, म्हणजे सन २००० च्या तारखा कॉम्प्युटरला कळतील का याची, धांदल, २००५ ला व्हॅट, २०१६ च्या नोव्हेंबरात नोटाबंदी, १ जुलै २०१७ ला जीएसटी, मागोमाग ई-वे बिल, ई-इन्व्हॉइस. २०२५ च्या सप्टेंबरात जीएसटीचे दर बदलले तेव्हाही आठवडाभर फोन खाली ठेवता आला नाही. सरकारने नियम बदलला की आमच्या घरी दिवाळी. गंमत बाजूला ठेवली तरी खरं हेच आहे की सल्लागाराच्या उत्पन्नातला मोठा हिस्सा 'आता करावंच लागतंय' अशा कामांचा असतो. 'करायला हवं' अशा कामांचा वाटा थोडा. डिजिटल परिवर्तन वगैरे जे शब्द तुम्ही पुण्यात प्रेझेंटेशनमध्ये वापरत असाल ते इथे कोणी मागत नाही. मालक म्हणतो, "ते राहू द्या हो. सूत कुठं जातंय तेवढं सांगा."

आता हे सूत कुठं जातं तेच जरा तपशिलात सांगतो, कारण इथलं काम म्हणजे नेमकं काय, ते यातूनच कळेल.

सोलापूर म्हटलं की बाहेरच्यांना चादर आठवते. चादरीला भौगोलिक मानांकन आहे, टेरी टॉवेललाही आहे, पण आज अक्कलकोट रोडच्या एमआयडीसीत चक्कर मारलीत तर बहुतेक शेडमधून टॉवेलच बाहेर पडताना दिसेल. अशाच एका टॉवेल कारखानदारांनी मला बोलावलं. हिशेबात दर महिन्याला सूत कमी पडत होतं. त्यांनी बाहेरून एक ईआरपी, म्हणजे कारखान्याचा सगळा हिशेब एका जागी ठेवणारं सॉफ्टवेअर, विकत घेतलेलं होतं, त्यात तूट लाल रंगात दिसायची, आणि त्या लाल रंगामुळे त्यांची झोप उडाली होती. संशय रात्रपाळीच्या दोन पोरांवर. कॅमेरे कुठे कुठे लावायचे याचा नकाशाही तयार होता.

टॉवेलच्या धंद्यात सूत येतं किलोवर. वॉर्पिंगला, म्हणजे ताण्याचे धागे गुंडाळायला, गेलं की त्याचे मीटर होतात. मागावर विणकराची मजुरी नगावर. रंगाईचा हिशेब परत किलोवर. विक्री डझनावर, आणि गिऱ्हाईक परदेशातलं असेल तर तो डझनाचं वजन पौंडात विचारतो. म्हणजे एकाच धाग्याला चार-पाच वेगवेगळी मापं लागतात, आणि दर वेळी मोजणारा माणूस वेगळा, वही वेगळी.

त्यात सुताचा नंबर ही भानगड आहे. नंबर म्हणजे एका पौंडात ८४० यार्डांच्या किती लडी बसतात तो आकडा. २० नंबरचं एकेरी सूत किलोला साधारण ३४ किलोमीटर भरतं. तेच दोन पदरी, म्हणजे २/२०, घेतलं की १७. कारखान्याचा हिशेब लिहिणारे दिवाणजी वहीत नुसतं '२० नं.' लिहून मोकळे होतात, कारण एकेरी की दुपदरी हे त्यांना पोत्यावर हात ठेवला की कळतं. कॉम्प्युटरला हात नाही.

पुढे टॉवेल. ३० बाय ६० इंचाचा, ४०० जीएसएमचा, म्हणजे चौरस मीटरला ४०० ग्रॅम भरणारा, टॉवेल ४६५ ग्रॅमच्या आसपास बसतो, डझन साडेपाच किलोच्या थोडा वर. हे झालं कागदावर. प्रत्यक्षात टॉवेलला दोन बीम, म्हणजे ताण्याचे धागे गुंडाळलेले रूळ, असतात, एक तळाचा आणि एक पाईलचा, ज्यातून ते लूप निघतात. जॉबरने, म्हणजे माग लावून देणाऱ्या मुकादमाने, पाईल बीम किंचित सैल सोडला की टॉवेल गुबगुबीत दिसतो. विणकर खूश, माल बघणारा खूश. फक्त नगामागे १० ग्रॅम सूत जादा जातं. हजार डझनाच्या ऑर्डरला ते १२० किलो होतं. कोणी पोतं उचलून नेलेलं नसतं. सूत गिऱ्हाईकाच्या घरी टॉवेल होऊनच गेलेलं असतं, फुकटात.

आणि तिसरी गोष्ट, जी मला या धंद्यातल्या एका जुन्या माणसाने सांगितली: कापूस हवेतला ओलावा पितो. सुताचं व्यापारी वजन साडेआठ टक्के ओलावा धरून ठरतं. एप्रिल-मे मध्ये सोलापूरची हवा इतकी कोरडी होते की तेच सूत तीन-चार टक्के हलकं भरू शकतं. जुलैत पुन्हा जड. पावसाळ्यात घेतलेला माल उन्हाळ्यात तोलला की गोदामात चोरी झाली असंच वाटतं.

त्या ईआरपीत एका टॉवेलचं वजन म्हणून एकच आकडा भरलेला होता, तोही कोटेशनच्या वेळचा. मी मालकांना म्हटलं, कॅमेऱ्यांचे पैसे तूर्त ठेवा, एक ग्रॅमपर्यंत दाखवणारा काटा आणा. माल मागावरून उतरला की दर बीममागे दहा नग तोलायचे, सरासरी वहीत लिहायची, शेजारी माग नंबर, तारीख आणि जॉबरची सही. बस. थोड्याच दिवसांत दिसलं की जड माल ठराविक मागांवरूनच येतोय, आणि ते माग दिवसपाळीचे आहेत. रात्रपाळीची पोरं राहिली, कॅमेऱ्याचा नकाशा फळीवर गेला. वहीतले रकाने मग सॉफ्टवेअरमध्ये आले, पण वही आधी, सॉफ्टवेअर नंतर. मालकांनी बिल देताना विचारलं होतं, "काटा घ्या म्हणायचे एवढे पैसे?" मी हो म्हणालो.

माझ्या मते या कामाचं मर्म एवढंच आहे: माप जिथे बदलतं तिथे जाऊन उभं राहायचं. किलोचे मीटर होतात तिथे, नगाचे डझन होतात तिथे, रोख रकमेचा आकडा होतो तिथे. घोळ मधल्या वाटेत क्वचितच असतो, सांध्यावर असतो. पतसंस्थांचं उदाहरण घ्या. पिग्मी एजंट सकाळी बाजारात दुकानोदुकानी फिरून पैसे गोळा करतो, हातातल्या मशीनमध्ये नोंद करतो, आणि संध्याकाळी शाखेत येऊन ती सगळी नोंद चढवतो. पूर्वी खातेदाराच्या कार्डावर एजंटची सही व्हायची, विषय संपायचा. मग एसएमएस आला. एका संस्थेत एसएमएस सुरू झाल्यावर तक्रारी उलट वाढल्या, कारण पैसे सकाळी दिलेले आणि मेसेज रात्री आठला. मधले नऊ-दहा तास दुकानदाराच्या पोटात गोळा. सॉफ्टवेअर पुरवणारे सर्व्हरचा वेग वाढवून देतो म्हणत होते. उपाय होता जागेवरच चिटोरं छापणारा छोटा प्रिंटर. साखर कारखान्यांचं तर विचारूच नका. काटामारी हा शब्दच आपल्याकडे उगाच रुळलेला नाही. गाडीचं टनात वजन होतं त्या मिनिटाभरात शेतकऱ्याचा अख्खा विश्वास अडकलेला असतो, आणि तिथे वजन दाखवणारा पडदा कुठल्या बाजूला तोंड करून लावलाय हा माझ्या लेखी तंत्रज्ञानाचाच प्रश्न आहे.

तुम्ही कोड लिहिता, क्लाउडवर चढवता, ते चांगलंच आहे. इथे ते कौशल्य लागतं, पण कामाच्या शेवटच्या टप्प्यावर. त्याआधी शेडमध्ये उभं राहावं लागतं, आणि मागांच्या खडखडाटात माणसाशी बोलता यावं लागतं. भाषेचं सांगायचं तर मालकाच्या घरी तेलुगू, बाजारात मराठी, बाहेरच्या गिऱ्हाईकाशी हिंदी, अक्कलकोटकडच्या माणसाशी कन्नड, आणि कॉम्प्युटरच्या पडद्यावर इंग्रजी. तुम्ही सोलापूरचेच, त्यामुळे यातलं बरंच कानावर असेल. तेलुगूतले आकडे मात्र पक्के करून घ्या. नग मोजणारा माणूस 'ओकटि, रेंडु, मूडु' असंच मोजतो, आणि तो मोजत असताना त्याला मध्येच मराठीत प्रश्न विचारला की मोजणी पहिल्यापासून.

दिवाणजींना दुखवू नका, ही आणखी एक गोष्ट. त्यांचं वय तुमच्या वडिलांएवढं असेल, आणि नवीन माणूस लॅपटॉप घेऊन आला म्हणजे आपल्यावर गदा आली हे त्यांना तुमच्या आधी कळतं. मी पहिल्या दिवशी मालकाच्या केबिनमध्ये बसतच नाही. दिवाणजींच्या टेबलाशी खुर्ची ओढतो आणि त्यांची वही बघायला मागतो. त्या वहीत त्यांनी स्वतःच्या सोयीसाठी ज्या खुणा केलेल्या असतात, कुठे लाल टिंब, कुठे गोल, कुठे पानाचा कोपरा दुमडलेला, ते खरं सॉफ्टवेअर. कोणाची उचल अंगावर राहिलीय, कोणता व्यापारी चेक दिल्यावर आठ दिवस थांबा म्हणतो, हे त्या टिंबांत असतं आणि टॅलीत कुठेच नसतं. टिंबांचा अर्थ एकदा लागला की निम्मं काम झालं.

व्हॉट्सअॅपबद्दल तुमचं मत वाईट असेल. शिस्तीतल्या कंपनीतून आलेल्या प्रत्येकाचं असतं. इथे मात्र ऑर्डर येते ती चुरगळलेल्या कागदाच्या फोटोवर, नाहीतर व्हॉइस मेसेजवर: "अण्णा, मागच्या वेळचं निळं पाठवा, पण थोडं गडद." हे बंद करायला जाऊ नका, बंद होणार नाही. ऑर्डरसाठी एकच नंबर ठेवायचा, तो एकाच माणसाच्या हातात द्यायचा, आणि त्या माणसाने दिवसातून दोन वेळा सगळं एका तक्त्यात उतरवायचं, एवढी शिस्त लागली तरी कारखान्याचं रूप पालटतं. 'मागच्या वेळचं निळं' म्हणजे कोणतं, यासाठी रंगाच्या नमुन्याची चिंधी नंबर टाकून फायलीला टाचायची. फायलीला टाचलेली चिंधी हा माझा सर्वांत यशस्वी डेटाबेस आहे.

आता पैसे.

पगाराची सवय असलेल्या माणसाला सर्वांत मोठा धक्का इथे बसतो, कारण इथेही मापच बदलतं. महिन्यावर मोजलेलं काम आता नगावर मोजायचं. पुण्यात महिन्याच्या शेवटच्या दिवशी खात्यात रक्कम पडते; इथे काम एप्रिलमध्ये, बिल मे मध्ये, पैसे 'गणपती झाल्यावर', आणि गणपती झाल्यावर 'दिवाळी होऊन जाऊ द्या'. एका सहकारी संस्थेने माझं बिल इतकं लांबवलं की तोपर्यंत बिल मंजूर करणारं संचालक मंडळच बदललं, आणि नव्या मंडळाला जुन्यांचं काहीच मान्य नव्हतं. त्यामुळे कामाच्या आधी तिसरा हिस्सा तरी हातात, मधल्या टप्प्यावर तिसरा, आणि उरलेला चाबी देताना. चाबी म्हणजे पासवर्ड, सोर्स कोड, प्रशिक्षण, जे काय असेल ते. हे वागणं इथे उद्धट वाटेल असं तुम्हाला वाटतं, पण सूत व्यापारी रोखीत आणि उधारीत वेगळा भाव लावतो हे मालकाला जन्मापासून माहीत असतं. त्याला राग येत नाही. आपल्यालाच संकोच वाटतो.

उद्यम नोंदणी, म्हणजे लहान उद्योगांची सरकारी नोंदणी, पहिल्याच आठवड्यात करून घ्या. सेवा देणारा सूक्ष्म उद्योग म्हणून तुम्ही त्यात बसता. १ एप्रिल २०२४ पासून आयकरात अशी तरतूद आहे की सूक्ष्म-लघु उद्योगाचं देणं लेखी करार नसेल तर १५ दिवसांत आणि करार असेल तर जास्तीत जास्त ४५ दिवसांत दिलं नाही, आणि ३१ मार्चला ते थकलेलंच राहिलं, तर तो खर्च मालकाला त्या वर्षी वजा मिळत नाही. प्रत्यक्ष पैसे देईल त्या वर्षी मिळतो. बिलावर उद्यम क्रमांक ठळक छापा. आपण काही बोलायची गरज पडत नाही, मार्चच्या शेवटच्या आठवड्यात त्यांचे सीएच आपली बाजू मांडतात.

फुकटचा सल्ला हा वेगळा अध्याय. "ओ सर, इकडून चाललाच आहात तर जरा बघून जावा की" हे वाक्य तुम्ही रोज ऐकाल. लग्नात ऐकाल, दवाखान्यात ऐकाल. मी ठरवलंय: उभ्या उभ्या पाच मिनिटांत सांगता येईल ते फुकट, बसावं लागलं की बिल. लोकांना हा हिशेब पटतो. उलट जो माणूस सगळं फुकट बघून देतो त्याच्या शब्दाला इथे वजन राहत नाही. नातेवाइकांचं मात्र काही करता येत नाही. मावसभावाचा प्रिंटर तुम्हालाच बघावा लागेल.

एआयबद्दल विचारलंत. जेकार्डची गोष्ट सांगतो. चादरीची नक्षी मागावर चढवायची तर पूर्वी आधी ग्राफ पेपरवर एकेक चौकोन भरून ती काढायची, मग त्यावरून पुठ्ठ्याच्या पट्ट्यांना भोकं पाडायची, आणि त्या पट्ट्या दोऱ्याने ओवून मागाच्या डोक्यावर चढवायच्या. भोक असेल तिथे धागा वर, नसेल तिथे धागा खाली. फ्रान्समध्ये १८०४ च्या सुमाराला निघालेलं हे तंत्र. पंच कार्डवर चालणारे कॉम्प्युटर त्याच्या कितीतरी नंतरचे. म्हणजे शून्य आणि एकचा कारभार माझ्या कॉम्प्युटरच्या खूप आधीपासून इथल्या पेठांमधून चालू होता. पुढे ग्राफ काढण्याचं काम कॉम्प्युटरवर गेलं. माझ्या पाहण्यातल्या ग्राफवाल्यांपैकी ज्यांना फक्त चौकोन भरता यायचे त्यांचं काम गेलं. ज्यांना कुठली नक्षी मागावर धागा तोडते ते ठाऊक होतं ते कॉम्प्युटरसमोर बसले, आणि आजही त्यांना शोधत माणसं येतात.

मी स्वतः एआय रोज वापरतो. बँकेला पत्र लिहायचं, सुताच्या बिलाच्या फोटोतून आकडे काढायचे, दोन तक्ते जुळवणारी छोटी स्क्रिप्ट लिहायची, यात त्याने माझे तास वाचवलेत, आणि ते बोलून दाखवायला मला कमीपणा वाटत नाही. पण मध्यंतरी एका ऑर्डरला किती सूत लागेल ते मी त्याला विचारलं. सुंदर तक्ता, पायरी-पायरीने गणित, शेवटी ठळक अक्षरांत उत्तर. त्याने २/२० ला २० नंबर एकेरी धरलं होतं. लांबी बरोबर दुप्पट, सूत बरोबर निम्मं. एक्सेल निदान २/२० लिहिलं की त्याची तारीख करून टाकतं, म्हणजे काहीतरी बिघडलंय हे डोळ्यांना दिसतं. इथे काहीच बिघडलेलं दिसत नव्हतं. आठ-दहा वर्षांनी नवीन आवृत्त्या हे बरोबर सोडवतील, कदाचित पुढच्या महिन्यातच सोडवतील. प्रश्न तो नाही. दिवाणजींनी वहीत '२० नं.' एवढंच लिहिलं असेल तर पोत्याला हात लावायला कोणीतरी जावंच लागेल. तुम्ही ते जाणारे असाल तर काळजी करू नका. दूर बसून रिपोर्ट बनवून पाठवणारे असाल तर काळजी कराच, आणि ती पुण्यात बसूनही तेवढीच करा.

एक खबरदारी मात्र सांगून ठेवतो. पतसंस्थेच्या सभासदांची यादी, कामगारांची आधारची माहिती, गिऱ्हाइकांचे भाव, हे कुठल्याही फुकटच्या एआय साधनात चिकटवू नका. २०२३ चा वैयक्तिक डेटा संरक्षणाचा कायदा आहेच, पण कायद्याच्या आधी गाव आहे. एका कारखान्याचा भाव दुसऱ्याला तुमच्याकडून कळला अशी नुसती कुजबुज झाली तरी या शहरात तुमचं काम संपलं. इथे सगळे सगळ्यांचे पाहुणे आहेत.

त्याहून मला नव्या पोरांची चिंता वाटते. आमच्या हाताखाली इंजिनिअरिंग कॉलेजातून बाहेर पडलेली पोरं यायची, वर्षभर डेटा भरायची, रिपोर्ट काढायची, आणि त्यातून धंदा शिकायची. ते पायरीचं काम आता मशीन करतं. मग पायरी कुठली द्यायची? मी सध्या नव्या मुलाला पहिले काही आठवडे कॉम्प्युटरच देत नाही, काट्यापाशी उभं करतो. एक जण कंटाळून गेला. एक मुलगी टिकली, आणि कोणत्या मागाचा टॉवेल जड आहे ते आता ती तोलण्याआधी हाताने सांगते.

राहण्याबद्दल. नळाला रोज पाणी येणं हे सोलापूरकरांनी गृहीत धरलेलं नाही. उजनी धरण भरलेलं असलं तरी आपल्या गल्लीत पाण्याचा दिवस असतो आणि घराचं वेळापत्रक त्यावर चालतं. तुमच्या मीटिंगचंही चालेल. मालकच म्हणेल, "उद्या पाण्याचा दिवस आहे, परवा या." उन्हाळ्यात पारा ४३-४४ ला टेकतो, दुपारी एक ते चार कोणाकडे जाऊ नका, कोणी भेटत नाही आणि भेटला तर लक्ष देत नाही. मी या वेळात घरी कडक भाकरी, शेंगाची चटणी, दही खाऊन तासभर आडवा होतो, आणि डोकं लागणारं काम पहाटे उरकतो. जानेवारीत संक्रांतीच्या आगेमागे गड्डा, म्हणजे सिद्धेश्वरांची यात्रा, असतो. नंदीध्वजांच्या मिरवणुकीच्या दिवसांत नवीन सिस्टिम सुरू करून देतो असा शब्द चुकूनही देऊ नका. लग्नसराईच्या आधी टॉवेलवाल्यांना श्वास घ्यायला फुरसत नसते, कारण आहेराची टॉवेल-टोपी अजून गेलेली नाही.

फायदा अंतराचा. जुळे सोलापुरातून निघून अक्कलकोट रोडला पोचायला जेवढा वेळ लागतो तेवढ्यात हिंजवडीत तुम्ही एक सिग्नल ओलांडत असाल. सकाळी कंबर तलावावर चालून, घरी नाश्ता करून, नऊला शेडवर उभं राहता येतं. पुणं हुतात्मा एक्सप्रेसने एका दिवसात जाऊन-येऊन होतं, आणि फेब्रुवारी २०२३ पासून वंदे भारत आल्यावर मुंबईची बैठकही आवाक्यात आली. हे सांगतोय कारण इथे तुम्हाला सर्वांत जास्त टोचेल तो एकटेपणा धंद्यातला असेल. काही अडलं तर शेजारच्या टेबलावर विचारायला कोणी नसतं. बरोबरीची निम्मी पोरं पुण्यातच आहेत. पुण्याशी संबंध तोडू नका. महिन्यातून एखादी चक्कर, जुन्या सहकाऱ्यांबरोबर जेवण, नवीन काय चाललंय ते ऐकणं, हे चैन समजू नका, खर्चात धरा.

आई-वडिलांना काय सांगायचं असंही तुम्ही शेवटी विचारलंय. वडील म्हणणारच की लागलेली नोकरी सोडू नको. गिरण्या बंद पडताना बघितलेल्या पिढीचं हे शहर आहे, त्यांना पगार या गोष्टीची किंमत तुमच्यापेक्षा जास्त कळते. वाद घालू नका. वर्षभराचा घरखर्च वेगळ्या खात्यात टाका आणि पासबुक त्यांच्या हातात द्या. पुण्यातलं एखादं काम घरून करायला मिळालं तर पहिली दोन वर्षं ते धरून ठेवा. गावातलं एकच क्षेत्र निवडा: टॉवेल, पतसंस्था, गारमेंट, डाळमिल, जे तुमच्या ओळखीपाळखीतलं असेल ते. सगळ्यांना सगळं देतो म्हणणाऱ्याकडे इथे फक्त प्रिंटर येतात.

आणि येणार असाल तर दिवाळीनंतर या. नोव्हेंबर-डिसेंबरात एखाद्या ओळखीच्या कारखान्यात बिनपगारी बसा, सूत आत येण्यापासून ट्रक भरेपर्यंत एका ऑर्डरच्या मागे फिरा, कोण कुठे काय मोजतं ते लिहून काढा. जानेवारी गड्ड्यात जाईल. फेब्रुवारीत मालकाला दोन पानं दाखवा, पैशांचं बोलून घ्या, म्हणजे १ एप्रिलला नवीन वर्षाचे हिशेब उघडताना तुमची पद्धत त्यात बसवता येईल. एप्रिल हुकला तर पुढचं वर्षभर 'आता मध्येच कशाला बदलायचं' हेच ऐकावं लागतं.